एका काल्पनिक कंपनीचे पहिले वर्ष : वित्तीय लेखांकनाच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ ऑगस्ट

वित्तीय लेखांकनाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील सत्रभराचा प्रकल्प आज हाती आला. सायकली विकणारी आणि त्यांच्या देखभालीचे वार्षिक करार करणारी एक काल्पनिक कंपनी आहे. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या तिच्या पहिल्या वर्षातील बिले, पावत्या, धनादेशांच्या स्थळप्रती, बँकेचे उतारे आणि करारांच्या प्रती असा कागदांचा गठ्ठा आम्हाला मिळाला असून त्यावरून रोजकीर्दीपासून (व्यवहारांची तारीखवार वही) ताळेबंदापर्यंतचे (वर्षअखेरची मालमत्ता आणि देणी दाखवणारे पत्रक) सगळे काम दोघांच्या गटाने करायचे आहे. रकमा कोणत्याही चलनात नाहीत, केवळ एककांत आहेत. माझ्यासोबत जो सहाध्यायी आहे त्याने यापूर्वी हिशेबाची वही कधी उघडलेली नाही, आणि मीही फारशी पुढे नाही.

प्राध्यापिकांनी दोन अटी घातल्या आहेत. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, जुळेपर्यंतचे काम हाताने करायचे, संगणकावर नाही. दुसरी अट या नोंदवहीची आहे : जो निर्णय ज्या दिवशी घेतला तो त्याच दिवशी कारणासह येथे लिहायचा आणि मागाहून त्यात बदल करायचा नाही, बदल करावासा वाटला तर नव्या तारखेची नवी नोंद करायची. दुसऱ्या अटीचे कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की लेखापरीक्षक आकडा जितका तपासतो तितकेच तो आकडा कधी ठरला हेही तपासतो.

७ ऑगस्ट

आजचा पूर्ण दिवस ‘नावे’ आणि ‘जमा’ या दोन शब्दांनी घेतला. मराठीत आपण ‘खात्यात पैसे जमा झाले’ असे रोज म्हणतो, त्यामुळे पैसे आले की जमा हे डोक्यात पक्के बसलेले असते. आणि कंपनीच्या वहीत मात्र बँकेत पैसे भरले की बँक खाते नावे होते. आम्ही दोघेही पहिल्या तासाभरात तीन नोंदी उलट्या करून बसलो. गोंधळ सुटला तो बँकेचा उतारा आणि आमचे बँक खाते शेजारी ठेवल्यावर. उतारा ही बँकेच्या वहीची नक्कल असते. बँकेच्या दृष्टीने आमचे पैसे म्हणजे तिला आम्हाला द्यायचे देणे आहे, म्हणून ती ते जमेला लिहिते. आमच्या दृष्टीने तेच पैसे ही आमची संपत्ती आहे, म्हणून आम्ही ते नावे लिहितो. एकच व्यवहार दोन वह्यांत विरुद्ध बाजूंना असणे ही चूक नसून तसेच असायला हवे.

त्यानंतर आम्ही येणे-जाणे हा विचारच सोडून दिला आणि मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल या समीकरणावरून बाजू ठरवू लागलो. मालमत्ता वाढली की नावे. देणी किंवा भांडवल वाढले की जमा. उत्पन्न भांडवल वाढवते म्हणून जमा, खर्च ते घटवतो म्हणून नावे. आम्ही शाळेत व्यक्तिगत, वास्तव आणि नामधारी खात्यांचे तीन नियम पाठ केले होते. ते चुकीचे नाहीत, पण आधी मिळालेले उत्पन्न किंवा घसारा निधी (यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी साठत जाणारी रक्कम) अशा खात्यांपाशी आले की कोणता नियम लावायचा हे आठवत बसावे लागते, आणि समीकरणावरून ते लगेच ठरते असा माझा अनुभव आहे.

१४ ऑगस्ट

रोजकीर्दीत मे महिन्यापर्यंतच्या नोंदी पूर्ण झाल्या. प्रारंभी भागधारकांनी आणलेले भांडवल ५,००,०००. त्याच दिवशी घेतलेली दुरुस्तीची यंत्रसामग्री २,४०,०००. पुढे उधारीवरची खरेदी, विक्री, भाडे, पगार. प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरणाची एक ओळ लिहायची असते. पहिल्या आठवड्यात ती ओळ आम्हाला वेळखाऊ वाटत होती, पण आज मार्चमधील एका नोंदीखाली आमच्याच हाताने केवळ ‘यंत्राबाबत खर्च’ एवढेच लिहिलेले दिसले आणि त्यावरून तो खर्च नेमका कशाचा होता हे दोघांनाही सांगता आले नाही. पुढील नोंदींत बिलाचा क्रमांक आणि कशासाठी हे दोन्ही लिहायचे असे ठरवले. जुनी नोंद तशीच राहिली.

वर्गात आज द्विनोंदी पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याच्या पद्धतीचा, इतिहास झाला. व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलेल्या आपल्या गणितग्रंथातील एका विभागात लुका पाचोली याने ही पद्धत मांडली, म्हणून तिचे जनकत्व त्याला दिले जाते. प्रत्यक्षात इटालीतील व्यापारी ती त्याच्या आधीपासून वापरत होते आणि जेनोवा नगराच्या १३४० सालच्या हिशेबांत ती दिसते. पाचोलीने तीन वह्या सांगितल्या आहेत : घडेल ते तसेच टिपण्याची स्मरणवही, मग रोजकीर्द आणि मग खातेवही. पहिल्या वहीत व्यवहाराची सगळी हकीकत येते, पुढच्या वह्यांत ती आटत जाते. आमच्या मार्चच्या त्या नोंदीत हकीकत पहिल्याच पायरीवर गळाली होती.

२५ ऑगस्ट

मालसाठ्याच्या मूल्यांकनाची पद्धत आज ठरवली. कंपनीने वर्षभरात तीन खेपांत प्रत्येकी १०० सायकली घेतल्या, पहिली खेप २,८०० दराने, दुसरी ३,००० आणि तिसरी ३,२०० दराने. एकूण खरेदी ९,००,०००. वर्षात २५० सायकली विकल्या गेल्या आणि ५० उरल्या. त्या ५० सायकली कोणत्या खेपेतल्या मानायच्या, या एका प्रश्नावर विक्रीचा खर्च आणि म्हणून नफा अवलंबून आहे. प्रथम आलेला माल प्रथम गेला असे मानले तर उरलेला साठा १,६०,००० चा होतो. भारित सरासरीने १,५०,००० चा होतो. आणि शेवटी आलेला प्रथम गेला असे मानले तर १,४०,००० चा. ही तिसरी पद्धत आयएएस २ या आंतरराष्ट्रीय मानकाने निषिद्ध केली आहे, अमेरिकेच्या लेखामानकांत मात्र ती आजही चालते.

आम्ही भारित सरासरी निवडली. कारण असे की तिन्ही खेपांतील सायकली एकाच नमुन्याच्या आहेत, गोदामाच्या नोंदींनुसार त्या वेगवेगळ्या ठेवलेल्या नाहीत आणि गिऱ्हाइकाला कोणत्या खेपेतली दिली याची नोंद कोठेही नाही. नफा किती येणार हे अजून आम्हाला ठाऊक नाही.

८ सप्टेंबर

खतावणी, म्हणजे रोजकीर्दीतील नोंदी खातेवहीत नेण्याची पायरी, संपली आणि आज पहिली तेरीज काढली. ती जुळली नाही. नावे बाजूची बेरीज २१,७९,००० आणि जमा बाजूची २१,५२,००० आली. फरक २७,००० चा. बेरजा तीनदा केल्या, फरक हलला नाही.

१० सप्टेंबर

दोन दिवसांच्या शोधानंतर चूक सापडली, आणि ती कशी सापडली ते येथे सविस्तर लिहून ठेवते, कारण कागदांचा गठ्ठा पहिल्यापासून चाळत बसणे हा मार्ग नाही हे त्यातून आम्हाला कळले.

प्रथम आम्ही २७,००० हीच रक्कम असलेला व्यवहार शोधला, कारण एखाद्या नोंदीची एकच बाजू खतावली गेली आणि दुसरी राहिली तर फरक त्या रकमेएवढा पडतो. तशी रक्कम नव्हती. मग फरकाच्या निम्मे, म्हणजे १३,५००, शोधले. रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली गेली तर फरक तिच्या दुपटीचा येतो. तेही नव्हते. तेव्हा माझ्या सहाध्यायीने २७,००० ला ९ ने भागून पाहिले आणि भाग पूर्ण गेला. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, हे त्याला अंकगणितातून माहीत होते. भागाकार ३,००० आला; म्हणजे अदलाबदल हजार आणि दहा हजार या स्थानांवर झालेली असणार आणि त्या दोन अंकांत ३ चा फरक असणार. ४१ आणि १४, ५२ आणि २५, ६३ आणि ३६, ७४ आणि ४७, ८५ आणि ५८, ९६ आणि ६९ एवढ्याच जोड्या मुख्यतः पाहायच्या होत्या.

नावे बाजू जास्त असल्यामुळे ऋणकोंच्या, म्हणजे उधारीचे पैसे देणे असलेल्या गिऱ्हाइकांच्या, खात्याची जमा बाजू आधी घेतली. रोजकीर्दीत ऑगस्टमध्ये एका ऋणकोकडून ६३,००० आल्याची नोंद होती, बँक खात्यात ६३,००० नावे होते, आणि ऋणकोच्या खात्यात माझ्याच अक्षरात ३६,००० जमा होते. आकड्यावर खाडाखोड नव्हती, अक्षर स्वच्छ होते. चुकीचा आकडा एक आडवी रेघ मारून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, दुरुस्त केला आणि शेजारी आजची तारीख व आद्याक्षरे घातली. तेरीज २१,५२,००० ला जुळली.

जुळलेली तेरीज पाहून जो दिलासा मिळाला तो खरा होता, तरी वर्गात आजच सांगितलेली गोष्ट जोडून लिहिते. पूर्णपणे राहून गेलेला व्यवहार, दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची रक्कम, योग्य बाजूला पण भलत्याच खात्यात गेलेली नोंद आणि तत्त्वाची चूक, यांपैकी काहीही तेरजेत दिसत नाही. दोन चुकांनी एकमेकींना झाकले तरी ती जुळते.

१९ सप्टेंबर

बँक जुळवणी पत्रक तयार झाले. उताऱ्यातील शिल्लक ४,८१,०००. आम्ही दिलेले पण अजून न वटलेले धनादेश ४०,००० वजा केले, बँकेत भरलेले पण उताऱ्यात न आलेले १२,००० मिळवले, आणि आमच्या वहीतील ४,५३,००० मिळाले. फारसे काही लिहिण्यासारखे घडले नाही.

२९ सप्टेंबर

आजपासून समायोजन नोंदी. अभ्यासक्रमाचा गाभा मला येथे सापडला असे वाटते. तेरीज जुळल्यावर, २५ ऑगस्टला ठरवलेला साठा धरून, आम्ही सहज वजाबाकी केली होती : विक्री ११,६०,००० आणि देखभाल करारांचे ७२,००० मिळून १२,३२,०००, त्यातून विकलेल्या मालाचा खर्च ७,५०,०००, विमा २४,०००, भाडे १,२०,००० आणि पगार २,२०,००० वजा जाता नफा १,१८,०००. माझ्या सहाध्यायीला वाटले की काम जवळपास झाले. पण हा आकडा पैसे आणि कागद कधी हातात आले हे सांगतो. तो खर्च आणि ते उत्पन्न कोणत्या काळाचे होते हे सांगत नाही.

विम्याचे २४,००० हे १ ऑक्टोबरला बारा महिन्यांसाठी भरले होते. त्यातील तीनच महिने या वर्षाचे, म्हणजे ६,००० खर्च आणि १८,००० पूर्वदत्त खर्च म्हणून मालमत्तेत. देखभाल करारांचे ७२,००० हे १ सप्टेंबरला बारा महिन्यांसाठी घेतले होते. चार महिन्यांची सेवा दिली गेली, म्हणून २४,००० उत्पन्न आणि ४८,००० देणे. हे दुसरे समायोजन पचवायला आम्हाला वेळ लागला. पैसे बँकेत आहेत, परत मागणारा कोणी नाही, तरी ते देणे कसे? उत्तर असे की देणे नेहमी पैशांचेच असते असे नाही. कंपनीने आठ महिन्यांची सेवा द्यायची बाकी आहे आणि ते कर्तव्य पार पडेपर्यंत ती रक्कम कमावलेली नाही. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेले आयएफआरएस १५ हे मानक उत्पन्नाकडे याच नजरेने पाहते : करारात कोणती कर्तव्ये स्वीकारली ती ओळखा, आणि कर्तव्य पार पडेल तेव्हा, किंवा पार पडत जाईल तसतसे, उत्पन्न धरा.

डिसेंबरचा पगार २०,००० जानेवारीत दिला जायचा आहे, तो अदत्त खर्च. १ जुलैला घेतलेल्या ३,००,००० च्या कर्जावर दसादशे १० टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज १५,००० होते. ते द्यायची तारीख पुढच्या जूनमध्ये आहे, म्हणून या वर्षाच्या गठ्ठ्यात त्याचा एकही कागद नाही. कराराची प्रत उघडून वाचली नसती तर ते राहूनच गेले असते. चार समायोजनांनंतर १,१८,००० चे ५३,००० झाले, आणि या चार नोंदींपैकी एकीनेही बँकेतील शिल्लक एका एककाने हलली नाही.

१३ ऑक्टोबर

बुडीत व संशयित कर्ज निधी ठरवला. ऋणकोंकडून येणे १,८०,००० आहे. सरसकट एक टक्केवारी लावण्याऐवजी आम्ही येण्यांचे वयानुसार वर्गीकरण केले. तीस दिवसांच्या आतील १,२०,००० वर १ टक्का, तीस ते नव्वद दिवसांतील ४०,००० वर ७ टक्के आणि त्याहून जुन्या २०,००० वर २५ टक्के धरले. अनुक्रमे १,२००, २,८०० आणि ५,००० मिळून ९,०००. एकूण येण्याच्या तो ५ टक्के येतो. हे दर प्रकल्पाच्या माहितीपत्रकात या व्यवसायाचा अनुभव म्हणून दिलेले आहेत. येणे बुडेल तेव्हा पाहू असे न म्हणता ते निर्माण झाल्यापासूनच अपेक्षित हानीचा अंदाज धरावा, ही आयएफआरएस ९ ची भूमिका आहे आणि व्यापारी येण्यांसाठी अशी वयवार सारणी तिला चालते.

येथे मला पहिल्यांदा स्पष्ट दिसले की ताळेबंदातील सगळे आकडे एका जातीचे नसतात. बँकेतील ४,५३,००० मोजता येतात. ऋणकोंची निव्वळ रक्कम १,७१,००० ही आमची समजूत आहे, आणि तिच्यामागचे कारण लिहिलेले असेल तरच तिला किंमत आहे.

२० ऑक्टोबर

घसारा स्थिर हप्ता पद्धतीने. आता काम संगणकाच्या पत्रकात चालू आहे. पत्रकाने यंत्रसामग्री खात्याची अखेरची शिल्लक घेतली, त्यातून पाच वर्षांनंतरचे अवशेष मूल्य ४०,००० वजा केले, पाचाने भागले आणि ४३,००० घसारा दिला. ५३,००० मधून संशयित कर्जाचे ९,००० आणि घसाऱ्याचे ४३,००० गेल्यावर १,००० नफा राहिला. समायोजित तेरीज जुळली. पहिल्या वर्षी कंपनी जेमतेम काठावर आली असे आम्ही मसुद्यात लिहिले.

२७ ऑक्टोबर

मसुद्याला जोडण्यासाठी आज मालमत्ता नोंदपत्र भरत होते. त्यात प्रत्येक वस्तू, खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक आणि मूळ किंमत लिहायची असते. यंत्रसामग्रीचे एकच बिल गठ्ठ्यात आहे, २,४०,००० चे. खात्यात मात्र २,५५,००० आहेत. वरचे १५,००० कोठून आले हे पाहायला रोजकीर्द उघडली तर मार्चमधील तीच नोंद समोर आली, ‘यंत्राबाबत खर्च’.

बिल शोधून काढले. यंत्राचा झिजलेला पट्टा बदलणे, तेलपाणी आणि जोडणी तपासणे, एवढेच काम त्यात होते. या खर्चाने यंत्राचे आयुष्य वाढले नाही आणि क्षमताही वाढली नाही. यंत्र जसे चालत होते तसे चालत राहावे म्हणून तो केला गेला. म्हणजे हा महसुली खर्च आहे आणि आम्ही तो भांडवली म्हणून मालमत्तेत घातला होता. रक्कम बरोबर, बाजू बरोबर, खाते चुकीचे. दोन्ही तेरजा या चुकीसह बिनतक्रार जुळल्या होत्या.

दुरुस्तीची नोंद केली : दुरुस्ती खर्च नावे १५,०००, यंत्रसामग्री जमा १५,०००. घसारा २,००,००० च्या पाचव्या हिश्शाने ४०,००० झाला, म्हणजे ३,००० ने घटला. निव्वळ परिणाम १२,००० चा. एक हजाराचा नफा ११,००० चा तोटा झाला.

अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचे प्रकरण वर्गात याच धड्याला जोडून शिकवले होते. इतरांच्या जाळ्याच्या वापरासाठी दिले जाणारे शुल्क, म्हणजे रोजचा चालू खर्च, तिथे मालमत्ता म्हणून दाखवला गेला आणि पाच तिमाहींतील असे सुमारे ३.८ अब्ज डॉलर जून २००२ मध्ये उघड झाले. ते कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने शोधून काढले होते. तिथे हेतू होता आणि आमच्याकडे निष्काळजीपणा, हा फरक मोठा आहे. पण खात्यात दोन्हींचे रूप अगदी एकसारखे दिसते, आणि बाहेरून वाचणाऱ्याला खात्याचे रूपच तेवढे दिसते. म्हणून आजपासून मालमत्ता खात्यात जाणाऱ्या प्रत्येक नोंदीला आम्ही बिलाची प्रत जोडत आहोत.

३ नोव्हेंबर

आज आम्हा दोघांत वाद झाला आणि तो या वहीत यायलाच हवा. सादरीकरणात तोटा दाखवणे माझ्या सहाध्यायीला जड जात होते. त्याने शांतपणे दोन सूचना मांडल्या. साठा प्रथम आलेला प्रथम गेला या पद्धतीने धरला तर तो १०,००० ने वाढतो आणि तोटा १,००० वर येतो. आणि संशयित कर्ज निधी ५ ऐवजी ४ टक्के धरला तर ७,२०० होतो, १,८०० वाचतात आणि ८०० चा नफा दिसतो. यातील पहिली पद्धत मानकाला पूर्ण मान्य आहे. ४ टक्के हा अंदाजही सकृद्दर्शनी कोणाला अवास्तव वाटला नसता. त्याचे म्हणणे असे की दोन्ही गोष्टी नियमात बसतात, मग हरकत कशाला.

मला लगेच उत्तर देता आले नाही, कारण नियमांकडे पाहिले तर तो चुकीचे बोलत नव्हता. मग मी ही वही मागे उलटून २५ ऑगस्ट आणि १३ ऑक्टोबरच्या नोंदी त्याच्यासमोर ठेवल्या. सरासरी पद्धत निवडली तेव्हा तिचे कारण गोदामात होते. निधीचा दर येण्यांच्या वयावरून आला होता. आज त्या दोन्हींत बदल करायचा तर नवे कारण लिहावे लागेल, आणि ३ नोव्हेंबरच्या तारखेखाली आम्हाला लिहिता येण्याजोगे एकच खरे कारण होते, ते म्हणजे तोटा दिसतो आहे. गोदाम तेच होते, येणी तेवढीच जुनी होती. आम्ही दोघांनी ते कारण लिहून पाहिले, वाचले आणि दोन्ही निर्णय होते तसेच ठेवले. पर्यायी पद्धतीने साठा किती आला असता हे टिपांमध्ये देण्याची सूचना त्यानेच केली आणि ती मला पटली. वाचणाऱ्याला आमचा निर्णय तोलून पाहता यायला हवा.

१० नोव्हेंबर

रोख प्रवाह पत्रक अप्रत्यक्ष पद्धतीने केले. ११,००० च्या तोट्यापासून सुरुवात. घसारा ४०,००० आणि निधी ९,००० यांत रोकड गेली नव्हती, म्हणून ते परत मिळवले. ऋणकोंत १,८०,०००, साठ्यात १,५०,००० आणि पूर्वदत्त विम्यात १८,००० अडकले, ते वजा केले. धनकोंचे, म्हणजे उधारीवर माल देणाऱ्या पुरवठादारांचे, १,२०,०००, आधी मिळालेले ४८,०००, अदत्त पगार २०,००० आणि अदत्त व्याज १५,००० एवढे अजून द्यायचे आहे, ते मिळवले. कामकाजातून आलेली रोकड उणे १,०७,००० निघाली. यंत्रसामग्रीसाठी २,४०,००० गेले, भांडवल आणि कर्जातून ८,००,००० आले, आणि अखेरची शिल्लक ४,५३,००० बँक जुळवणीशी तंतोतंत मिळाली. पडताळा म्हणून प्रत्यक्ष पद्धतीनेही मांडून पाहिले : गिऱ्हाइकांकडून ९,८०,००० आणि ७२,००० आले; पुरवठादारांना ७,८०,०००, विम्याला २४,०००, भाड्याला १,२०,०००, पगाराला २,२०,००० आणि दुरुस्तीला १५,००० गेले; उत्तर तेच.

बँकेत साडेचार लाख असलेली ही कंपनी आपल्या धंद्यातून पैसा मिळवत नव्हती, घालवत होती. शिल्लक होती ती भागधारकांच्या आणि कर्ज देणाऱ्याच्या पैशांची. हे ना बँकेच्या उताऱ्यातून दिसले असते, ना नुसत्या ११,००० च्या तोट्यातून. सायकल ४,६४० ला विकायची, सरासरी ३,००० ला घ्यायची, म्हणजे प्रत्येक सायकलीमागे १,६४० चा ढोबळ नफा आहे. दुखणे दरात नसून विकलेल्या संख्येत आणि उधारीत आहे, असे आमचे मत अहवालात स्वतंत्र परिच्छेदात लिहिले.

१७ नोव्हेंबर

ताळेबंद ९,९२,००० ला जुळला. एका बाजूला बँक ४,५३,०००, निव्वळ ऋणको १,७१,०००, साठा १,५०,०००, पूर्वदत्त विमा १८,००० आणि घसारा वजा जाता यंत्रसामग्री २,००,०००. दुसऱ्या बाजूला देणी ५,०३,००० आणि तोटा वजा जाता भागधारकांचे ४,८९,०००. अहवाल सादर केला.

२४ नोव्हेंबर

अहवाल तपासून परत आला. प्राध्यापिकांनी २७ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबरच्या नोंदींवर खुणा केल्या असून, दुरुस्ती खर्चाची चूक अहवालाच्या टिपांत वेगळी सांगण्याची गरज नव्हती, कारण अंतिम पत्रके तयार होण्यापूर्वीच ती सुधारली गेली होती, असा शेरा दिला आहे. तो आम्ही मान्य केला. यंत्राच्या पाच वर्षांच्या आयुष्याला आम्ही कोणताही आधार दिलेला नाही असाही शेरा आहे आणि तो रास्त आहे. माहितीपत्रकातील आकडा आम्ही तसाच उचलला होता.

शेवटचे काम म्हणून खाती बंद केली. उत्पन्नाची आणि खर्चाची सगळी नामधारी खाती नफा-तोटा खात्यात नेऊन शून्यावर आणली, ११,००० चा तोटा पुढे ओढला आणि बंद केल्यानंतरची तेरीज काढली. ती १०,५२,००० ला जुळली. मग सरावासाठी नव्या वर्षाची पहिली नोंद केली. जानेवारीत डिसेंबरचा पगार दिला जातो तेव्हा बँक खाते २०,००० ने जमा होते, आणि माझ्या सहाध्यायीने दुसऱ्या बाजूला पगार खाते लिहायला सुरुवात करून पेन थांबवले, मागचे पान पाहिले आणि ‘अदत्त पगार खाते, नावे २०,०००’ असे लिहिले. खाली स्पष्टीकरणाची ओळ त्याने स्वतःहून पूर्ण घातली : डिसेंबर महिन्याच्या पगाराचे मागील वर्षअखेरीस धरलेले देणे चुकते केले.